राहीची पाठमोरी सीट

"आधी बूड टेकव, मग गाव बघ."

आत्माराम तात्यांचं हे वाक्य आमच्या खाडीच्या दोन्ही काठांना पाठ आहे. होडीत पाय पडला की माणसाला उभं राहून चौफेर बघायचा मोह होतो. समोर दुसरा काठ दिसत असतो, मागे घरची माणसं हात हलवत असतात, मधल्या पाण्यात ढग उतरलेले असतात. पण मासळीची टोपली घेतलेली म्हातारी असो, शाळेचे गुरुजी असोत, नाहीतर हेदवीच्या गणपतीला निघालेली मुंबईची पाहुणेमंडळी असो, सगळे बसल्याशिवाय तात्या वल्ह्यांना हात लावत नसत. एका नवरदेवानं एकदा ऐकलं नाही. फोटो काढून घ्यायला तो होडीच्या टोकावर उभा राहिला आणि फेट्यासकट खाडीत गेला. तात्यांनी त्याला काखेत धरून वर घेतलं, फळीवर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "टेकलं बूड? आता बघ तुझी सासुरवाडी."

हे वर घेणारे तात्या म्हणजे खरं तर त्यांचा उजवा हात. मनाच्या आधी तो हात निघायचा. कुणाचा तोल जायच्या आत तो दंडाला पोचलेला असायचा. त्यांच्या होडीतून कुणी वाहून गेलं नाही ते या हातामुळे, असं ते मानत आणि आम्हीही मानत होतो.

आता ती होडी चालत नाही. खालच्या अंगाला मोठी फेरीबोट आली, तिच्या पोटात गाड्याच्या गाड्या बसून पलीकडे जातात. तात्यांची होडी घरासमोर उंडीच्या झाडाखाली पालथी घातलेली आहे. तात्यांनी त्याचं दुःख करत बसलेलं कुणी पाहिलं नाही. रोज सकाळी ते काठावर जातात, पाणी कुठवर आलंय ते बघतात आणि परत येतात. पाण्याला हजेरी दिल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, असं त्यांची बायको आनंदीबाई म्हणतात.

तात्यांचा मुलगा हर्षद मालवाहू जहाजावर आहे. गेला की कित्येक महिने समुद्रावरच. घरात तात्या, आनंदीबाई, सून वैष्णवी आणि नात राही. वैष्णवी दापोलीची. कलमं बांधायचं शिक्षण घेतलेली, बोटांत जीव असलेली मुलगी. राही झाली तेव्हापासून ती घरीच होती. मे महिन्यात, पावसाआधी कलमांना गिऱ्हाइकांची झुंबड उडते, त्या वेळी दापोलीच्या एका रोपवाटिकेतून तिला बोलावणं आलं. सोमवारी कामावर या, नाहीतर दुसरी बाई बघतो.

वैष्णवीला हे काम हवं होतं. किती हवं होतं ते आनंदीबाईंनी मला सांगितलं. बोलावणं आलं त्या संध्याकाळी तिनं दारातल्या रायवळ आंब्याला उगाचच एक कलम बांधलं. का, तर हात विसरलाय का ते बघायला.

पण राहीचं काय करायचं? राही नुकती चालायला लागली होती, आणि चालायला लागल्यावर तिनं जगातली एकच दिशा पसंत केली होती, ती म्हणजे खाडी. उतरवली की तुरुतुरु पाण्याकडे. आनंदीबाईंचे गुडघे तिच्या मागे धावण्यासारखे राहिले नव्हते. शिवाय दुपारी तिला अजून आईचं दूध लागायचं. दापोलीला वैष्णवीची आई, राजश्रीबाई, रोपवाटिकेच्या जवळच राहतात. त्यांचं अंगण चारी बाजूंनी दगडी गडग्यानं बंद. तेव्हा ठरलं की वैष्णवीनं रोज राहीला गाडीतून सोबत न्यायचं, आजीकडे सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं.

आणि इथेच सगळं अडलं. कारण राही गाडीत मावेना.

म्हणजे गाडीत मावत होती, सीटमध्ये मावत नव्हती. तिच्या जन्माआधी हर्षदनं एक टोपलीसारखी सीट आणून ठेवली होती. वर कडी, आत मऊ गादी. गाडीच्या मागच्या बाकावर ती पट्ट्यानं बांधायची आणि बाळाला पाठमोरं, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून झोपवायचं. पहिले महिने राही त्यात वाटीतल्या लोण्यासारखी पडून असायची. आता तिचं डोकं टोपलीच्या काठाला लागलं होतं आणि खांद्यांवरचे पट्टे खांद्यांच्या खूप खालून निघत होते.

"कोंबडीचं पिल्लू झालंय नुसतं, खुराड्यातनं मान बाहेर," आनंदीबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मी मांडीवर घेऊन बसते. हर्षदला मांडीवरच नेला मी मुंबैपर्यंत."

"आई, दापोलीचा रस्ता नुसता वळणांचा आहे. मांडीवर नाही," वैष्णवी म्हणाली. "मोठी सीट आली तर राही येईल. नाही आली तर मी सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगीन."

तिनं हे चिडून म्हटलं नाही, म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं.

रात्री जहाजावरून हर्षदचा व्हिडिओ कॉल आला. तात्यांनी त्याला विचारलं, नवीन सीट घ्यायची तर कशी घ्यायची. हर्षदनं एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं, एकदा बायकोच्या, आणि म्हणाला, "रेंज जातेय हां बाबा." आणि रेंज खरंच गेली. आनंदीबाई म्हणाल्या, "भर समुद्रात राहून पोरगा शहाणा झाला."

चिपळूणच्या एका दुकानात अशा सीट मिळतात हे वैष्णवीनं शोधून काढलं. शुक्रवारी ती आणि तात्या निघाले. राहीला आनंदीबाईंपाशी ठेवली, अर्थात खाडीकडचं दार लावून. तात्यांनी पांढरा सदरा घातला होता. होडी घ्यायला मालवणला गेले होते तेव्हा घातला होता तसा.

दुकानदार विनीत म्हणून तरुण माणूस होता. त्यानं आधी एक गुलाबी सीट पुढे केली. तिला बाजूंना हत्तीचे कान, पुढे वाजणारं खेळणं. "ही फार जाते काका. मूल वर्षाचं झालं की सगळे अशीच नेतात, पुढे तोंड करून बसायची."

तात्यांना पुढे तोंड हा शब्द आवडला. त्यांनी सीटच्या पाठीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं, होडीच्या फळीवर करतात तसं, आणि कान लावून ऐकलं.

"काय ऐकताय काका?"

"कुठं पोकळ हाय का बघतो."

वैष्णवीची नजर दुसऱ्या सीटवर होती. करडी, साधी, ना कान ना खेळणं. पाठ उंच, डोक्याच्या दोन्ही बाजूंना जाड भिंती. ही दोन्हीकडे तोंड करून बसवता येत होती. मूल लहान आहे तोवर पाठमोरी आणि मोठं झालं की समोर. तिनं विनीतला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाठमोरी किती वजनापर्यंत चालते? पट्टे वर सरकवता येतात का? आमच्या गाडीत बसते का, की इथं नुसती छान दिसते? मग ती स्वतःच सीट उचलून बाहेर गेली आणि गाडीत ठेवून बघून आली.

"अगो, पण आता पाठमोरी कशाला?" तात्या म्हणाले. "पोरगी चालायला लागली. तिला कळू दे ना आपण कुठं जातोय ते. पाठमोरं बसून काय बघायचं तिनं? बाकाची पाठ?"

"बाबा, तिची मान अजून कच्ची आहे. गाडी एकदम थांबली की अंग पट्ट्यात राहतं आणि डोकं पुढे जातं. पाठमोरी असली की सगळं अंग सीटच्या पाठीवर दाबलं जातं. मान, डोकं, सगळं एकदम."

"मी बाजूला बसणार हाय ना. रोज येणार हाय मी तुमच्याबरोबर. माझा हात हाय."

वैष्णवीनं सीटचे पट्टे पुन्हा एकदा ओढून बघितले. तात्यांच्या हाताबद्दल आमच्याकडे कुणी उलट बोलत नाही.

शेवटी तात्यांनीच तोड काढली. "ही करडी दोन्हीकडं बसते ना? मग हीच घे. तोंड कुठं करायचं ते घरी ठरवू." आणि दुकानाच्या पायरीवरून उतरताना म्हणाले, "पण बांधायचं काम माझं. दोर-पट्ट्यातलं तुम्हा पोरांना काय कळतंय?"

शनिवारी सकाळी तात्यांनी सीट बांधली. वाडीतली दोन-चार माणसं बघायला जमली होती, त्यात मीही होतो. त्यांनी सीट गाडीच्या बाकावर ठेवली, तोंड पुढे. गाडीचा पट्टा तिच्या पाठीमागून ओवला आणि खटकन अडकवला. मग सीटला हातानं एक धक्का दिला. सीट इकडून तिकडे डुलली. तात्यांचा चेहरा खुलला.

"बाबा, सैल आहे," वैष्णवी म्हणाली.

"सैलच पाहिजे."

"हलतेय ती."

"हलणारच. होडी कधी आवळून बांधलेली बघितलीस? आवळून बांधली आणि ओहोटी लागली तर होडी दोराला लटकते. भरती आली तर दोर तुटतो नाहीतर कडी उपटते. पाण्याबरोबर खालीवर व्हायला दोराला ढील लागते. सैल बांधलेली होडी कधी बुडत नाय. माझ्या बापानं सांगितलेलं हाय हे, आणि त्याच्या बापानं त्याला."

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. आमच्यातला प्रत्येकजण लहानपणी होडीला ढील न ठेवल्याबद्दल कुणाच्या ना कुणाच्या हातची चापट खाऊन मोठा झालेला. आम्हाला त्यात काही चूक दिसेना.

वैष्णवी सासऱ्याकडे बघत राहिली. तिचा आवाज खाली आला, पण हलला नाही. "बाबा, तुमचा शब्द मी मोडत नाही. सीट राहू दे अशीच. पण राही तिच्यात बसणार नाही. आधी दुसरं काहीतरी बसवून बघू."

तात्यांना ते लागलं. आपण बांधलेल्या जागी आपलीच नात बसायची नाही, असं सून चार माणसांत म्हणते म्हणजे काय! पण माणूस खरा. ते म्हणाले, "चालेल. राही नाय तर राहीएवढा फणस बसव."

आणि लगेच कामाला लागले. परसात फणस लगडलेलाच होता. तात्यांनी डाव्या हातावर राहीला घेतलं, उजव्या हातानं खाली उतरवलेला एकेक फणस उचलून बघू लागले. "हा हलका... हा जड, हा हर्षद वर्षाचा होता तेव्हाएवढा हाय."

"मेल्यानं नातीला फणसाबरोबर जोखायला घेतलीय," आनंदीबाई ओट्यावरून म्हणाल्या. "हसतील लोक."

"हसू दे. फणसापेक्षा नात गोड निघाली की झालं."

राहीनं फणसावर थाप मारली, काटे टोचले म्हणून हात मागे घेतला आणि पुन्हा मारली. एक पिकायला आलेला, भरदार फणस तिच्या तोलाचा निघाला. कापा जातीचा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा. त्याला जुन्या चादरीत गुंडाळून सीटमध्ये बसवलं. पण सीटचे पट्टे लावायचे कसे? ना खांदे, ना पाय. वैष्णवीनं चादरीलाच गाठी मारून खांदे केले, त्यावरून पट्टे घेतले आणि मधल्या कडीत अडकवले. तात्या शेजारी बसले, उजवा हात फणसाच्या बाजूला ठेवून. वैष्णवीनं गाडी सुरू केली.

"आधी बूड टेकव," तात्या फणसाला म्हणाले. जमलेली आम्ही माणसं हसलो.

पुढचं तात्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत.

वाडीतून वर चढ आहे, मग जांभ्या दगडाच्या सपाट सड्यावरून सरळ रस्ता, मग दापोलीच्या बाजूला उतार. सरळ रस्त्यावर सीट डुलत होती आणि तात्या समाधानानं बघत होते. लाटेवर होडी डुलते तसं. उतार लागला. वैष्णवी बेतानंच चालवत होती. ती म्हणाली, "बाबा, खाली मैदान आहे ना, तिथे गेलो की सांगून एकदा ब्रेक दाबते." तेवढं बोलून होतंय तोच वळणावरच्या करवंदीच्या जाळीतून एक वासरू शेपटी वर करून रस्त्यात आलं.

वैष्णवीनं ब्रेक दाबला.

तात्यांचा हात निघाला. तो नेहमीसारखाच निघाला, मनाच्या आधी. पण त्याच्या आधी फणस गेला. पट्ट्याला ढील होती तेवढी सीट पुढे धावली, टोकाला जाऊन हिसका बसला आणि ती पुढे कलंडली. चादरीच्या गाठी सुटल्या आणि फणस पट्ट्यांमधून निघून पुढच्या बाकाच्या पाठीवर आदळला. तात्यांचा हात पोचला तेव्हा तिथे नुसती रिकामी चादर होती.

वासरू तसंच उड्या मारत पलीकडे गेलं. फणस खाली तात्यांच्या पायाशी उकलून पडला होता, आतले पिवळे गरे दिसत होते आणि सगळ्या गाडीत त्याचा वास दाटला होता. एरवी त्या वासानं माणसाचं मन हरखतं. तात्या त्या रिकाम्या चादरीकडे बघत होते, आणि हाताकडे.

वैष्णवीनं गाडी बाजूला घेतली. मागे वळून बघितलं. सासऱ्याचं तोंड बघून तिच्या मनात जे काही आलं असेल ते तिनं तिथेच गिळलं. म्हणाली, "कापा होता म्हणून निभावलं बाबा. लिबलिबीत बरका असता तर गाडी धुवायला खाडीत घालावी लागली असती."

तात्यांना हसू आलं नाही, पण त्यांना पुन्हा श्वास घेता आला. ते एवढंच म्हणाले, "चल घरी."

गाडी घरी आली. आनंदीबाईंनी फुटका फणस सुपात काढला, गरे निवडले, वाडीला वाटले. तात्यांपुढे वाटी ठेवली. फणस म्हटला की जेवण सोडणारा हा माणूस, त्यानं त्या दिवशी गरा तोंडात घातला नाही. उठून उंडीखाली गेले आणि पालथ्या होडीच्या पाठीवर हात ठेवून बसले.

ऊन कलेपर्यंत ते तिथे होते. राही पाण्याकडे पळायची तेव्हा तिला धरून आणायचे, पुन्हा बसायचे. माणसाचं वय झालं की त्याच्याजवळ जे आहे ते त्याला घट्ट धरावंसं वाटतं. हात, नाव, बापानं सांगितलेली गोष्ट. तात्या त्या दुपारी नक्की काय सोडत होते ते मला माहीत नाही. पण उठले तेव्हा ते थेट वैष्णवीकडे गेले. ती अंगणात सीटचं कापड पुसत होती.

"ही होडी दुरुस्तीला नेली होती ना, ट्रकवर घालून," ते म्हणाले. "आठवतं तुला? तुझ्या लग्नाच्या साली."

"आठवतं ना."

"तेव्हा मी तिला कशी बांधली होती?"

वैष्णवी फडकं हातात धरून उभी राहिली. "दोराखाली बोट जात नव्हतं. हर्षद म्हणत होते, बाबा, होडीचा जीव घ्याल."

"तेच. पाण्यात सैल, ट्रकवर आवळून. ट्रक पाण्यासारखा हळूहळू खालीवर होत नाय. तो धक्का मारतो. मी ही सीट पाण्यात बांधली गो बाय. ही तर ट्रकवर हाय." आणि होडीकडे बघून, "बापाचं चुकलं नाय. माझं चुकलं. त्यानं दोन्ही सांगितलं होतं, मी एकच लक्षात ठेवलं."

"मग बांधूया परत," वैष्णवी म्हणाली. तिनं आणखी काहीही म्हटलं नाही, आणि तात्या तिचे एवढ्यासाठीच जन्माचे ऋणी झाले असं मला वाटतं.

दोघांनी मिळून सीट काढली. आता बोलत होती वैष्णवी आणि ओढत होते तात्या. "गुडघा सीटमध्ये दाबा बाबा, सगळं वजन टाका. आता पट्टा ओढा. अजून. तळाशी धरून हलवून बघा. बोटभरसुद्धा हलली तर पुन्हा." तात्यांच्या कपाळावर घाम आला. वल्ही सोडल्यापासून त्या दंडांना एवढं काम मिळालं नव्हतं. शेवटी त्यांनी सीटला धरून हिसडा दिला तर सगळी गाडी हलली, सीट गाडीतून वेगळी हलली नाही.

आणि सीटचं तोंड होतं मागे. तात्यांनीच तसं ठेवलं होतं.

"पुढं तोंड नको?" आनंदीबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"फणस पुढं गेला. पुढं काय होतं त्याला धरायला? काय नाय. पाठ असती तर पाठीनं धरला असता."

"आणि पोरीला दिसायचं काय?"

तात्यांनी पट्टा आणखी एकदा ओढून बघितला. आमच्या खाडीत वल्हवणारा पाठमोरा बसतो, तोंड मागे सोडलेल्या काठाकडे. आयुष्यभर तात्या ज्या काठाला निघाले तो काठ त्यांनी पोचेपर्यंत बघितला नाही. कुणी विचारलं, तुम्हाला पुढचं दिसतं कसं, तर म्हणायचे, मागचा काठ सरळ ठेवला की पुढचा आपसूक येतो. हे त्यांना त्या वेळी आठवलं की नाही ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

रविवारी दुसरा फणस निघाला. मैदानात नेऊन वैष्णवीनं सांगून ब्रेक दाबला, मग न सांगता दाबला. फणस झाडाला असल्यासारखा सीटला चिकटून राहिला. तात्यांनी हात मांडीवर ठेवला होता. म्हणाले, निघू पाहत होता, मीच दाबून धरला.

मग राहीची पाळी. पट्टे तिच्या खांद्यांच्या मापानं बसवले. अंगाशी घट्ट, खांद्यावर पट्टा चिमटीत येऊ नये इतके. रडेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण जुन्या टोपलीत ती खोल पडून असायची, तिला आकाशच दिसायचं. ही सीट उंच होती. राहीचे डोळे आता गाडीच्या मागच्या काचेच्या खालच्या कडेच्या वर आले होते. बाहेर तिला अंगण दिसलं, उंडी दिसली, होडी दिसली, आणि तिची आवडती खाडी. ती काचेकडे बोट करून "पा, पा" करत राहिली.

"बघ," आनंदीबाई म्हणाल्या, "जाताना पाणी दिसतंय म्हणून खूश. पण पावसाआधी हेदवीला तिचं जावळ काढायला जायचंय. पोरीला काय देवाकडे पाठ करून नेणार?"

"जाताना पाठ," तात्या म्हणाले, "पण येताना? देवळातनं निघताना माणसं दारापर्यंत पाठ न दाखवता मागं मागं चालतात. ही घरापर्यंत देवाकडं तोंड करून येईल. एवढा मान देवाला कुणी दिलाय?"

आनंदीबाईंनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. "त्याला नारळ जास्तीचा ठेवू," म्हणाल्या.

सोमवारी सकाळी तात्या पांढरा सदरा घालून गाडीपाशी उभे होते. वैष्णवी डबा, पाण्याची बाटली, राहीची दुपटी घेऊन आली. आनंदीबाईंनी राहीच्या कपाळाला काजळाचा ठिपका लावला. तात्यांनी राहीला सीटमध्ये बसवलं, एकेक पट्टा अडकवला, खाली बोट घालून बघितला. सीट तळाशी धरून हलवली. मग आपला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर नेऊन म्हणाले, "आधी बूड टेकव."

राहीनं त्यांचं नाक धरलं.

"मग गाव बघ," तात्या म्हणाले आणि नाक सोडवून घेऊन त्यांनी दार लावलं. बाहेरून.

वैष्णवी थांबली. "बाबा, तुम्ही येताय ना? तुमची जागा ठेवलीय तिच्या बाजूला."

"नको. मी येऊन काय करू? माझं काम झालं." आणि मग, सून अजून बघतेय म्हणून, "तू नीट चालवतेस. वासराला विचार."

वैष्णवी हसली. तिनं वाकून सासऱ्यांच्या पायाला हात लावला, आनंदीबाईंच्याही लावला, आणि गाडीत बसली. गाडी अंगणातून निघाली. आनंदीबाईंना धूर सोसत नाही, त्या लगेच आत गेल्या. आम्ही शेजारीही आपापल्या कामाला वळलो. वैष्णवीचे डोळे समोरच्या चढावर होते, जिथे असायला हवेत तिथे.

तात्या क्षणभर उभे राहिले. मग नेहमीच्या पायवाटेनं, हात मागे बांधून, पाणी कुठवर आलंय ते बघायला खाली चालू लागले. उंडीखालून जाताना त्यांनी होडीच्या पाठीवर एक थाप मारली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. चढावरची गाडी त्यांनी बघितली नाही आणि तिची मागची काचही नाही.

त्या काचेच्या आत, सगळ्या गाडीत मागे तोंड असलेली एकच व्यक्ती होती. चढ संपेपर्यंत ती त्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघत होती. सड्यावर गाडी पोचली आणि तो दिसेनासा झाला, तेव्हा तिनं एक हात वर उचलला आणि काचेकडे हलवला.

तो उजवा होता.